ओत्ताव्हियानींची दोन वजने

गेल्या श्रावणात मडगावला एका स्नेह्यांच्या घरी आम्ही पाच-सहा जण जमलो होतो. निमित्त पातोळ्यांचे. बाहेर पाऊस, आत हळदीच्या पानांचा वास, आणि अशा वेळी आम्हा गोवेकरांचे जे व्हायचे तेच झाले. विषय मराठी-कोकणीवरून संस्कृतवर गेला, संस्कृतवरून लॅटिनवर. तेव्हा आमच्यातले ज्येष्ठ, चाळीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झालेले सर एकदम म्हणाले, "तुम्ही त्या पाद्र्यांना सगळ्यांना एकाच तराजूत तोलता. त्यांच्यातही आपल्यासारखे सनातनी होऊन गेले. तो ओत्ताव्हियानी वाचा एकदा. लॅटिन मोडू नका, पूजाविधी मोडू नका, म्हणून एकटा उभा राहिला. भर सभेत त्याचा मायक्रोफोन बंद केला, तरी हटला नाही. असा माणूस आपल्यात पाहिजे होता."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी बोलणार होतो, पण यजमानीणबाईंनी तेवढ्यात आणखी एक पातोळी ताटात वाढली, आणि ती सोडून वाद घालण्याइतका मी तत्त्वनिष्ठ नाही. राहिलेले बोलणे आता इथे लिहितो. सरांनी ते वाचावे, आणि माना डोलावणाऱ्यांनी तर जरूर वाचावे.

प्रथम सरांचे जेवढे खरे आहे तेवढे कबूल करतो. आल्फ्रेदो ओत्ताव्हियानी हा माणूस खरोखरच मोठा. १८९० साली रोमच्या त्रास्तेव्हेरे या कामगारवस्तीत, पाव भाजणाऱ्याच्या घरात जन्म. आपल्याकडच्या एखाद्या पोदेराच्या बारा मुलांतले एक पोर पुढे रोममध्ये कार्डिनल होऊन बसावे, असा तो प्रकार. शिकले चर्चच्या कायद्यात, त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिले ते धर्मविद्यालयांतून पाठ्यपुस्तके म्हणून चालले. १९५३ साली कार्डिनल झाले. त्याच दिवशी, त्याच समारंभात, गोव्याच्या वंशाचे आणि कराचीत जन्मलेले मुंबईचे आर्चबिशप व्हालेरियन ग्रासियस हेही कार्डिनल झाले होते. भारताला मिळालेले पहिले कार्डिनल ते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ओत्ताव्हियानींच्या हाती होते 'होली ऑफिस'. कॅथलिक जगात कोण काय शिकवतो, काय लिहितो, त्यात पाखंड आहे की नाही, हे तपासणारे रोममधले खाते. १५४२ साली रोमन इन्क्विझिशन म्हणून सुरू झालेले हेच ते खाते. गोव्याच्या वाचकाच्या अंगावर हा शब्द ऐकून काटा येतो, म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. १५६० साली आपल्याकडे आलेले इन्क्विझिशन पोर्तुगालच्या राजाच्या हाताखालचे, रोमचे नव्हे. ते १८१२ साली कायमचे बंद झाले. ओत्ताव्हियानींचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि त्या पापाचा हिशेब त्यांच्या नावावर टाकणे म्हणजे आपल्याच वादाची बाजू लंगडी करणे. त्यांच्या नावावर जे आहे ते त्यांनी स्वतः बोललेले आणि लिहिलेले पुरेसे आहे.

त्यांच्या चिन्हावर ब्रीद होते 'सेंपर इदेम'. म्हणजे नेहमी तोच, कधी न बदलणारा. तसेच ते जगले. स्वतःला ते सोन्याच्या साठ्यावर पहारा देणारा म्हातारा शिपाई म्हणवत. २३व्या जॉन पोपनी परिषद बोलावली, ११ ऑक्टोबर १९६२ रोजी जगभरचे दोन हजारांवर बिशप रोममध्ये जमले, तेव्हा रोमच्या लोकांनी एक विनोद रचला होता. ओत्ताव्हियानी टॅक्सीत बसतात आणि सांगतात, "परिषदेला चल." टॅक्सीवाला त्यांना घेऊन जातो थेट त्रेंतोला. त्रेंतोची परिषद भरली होती सोळाव्या शतकात.

आता तो मायक्रोफोन. ३० ऑक्टोबर १९६२ चा दिवस. आदल्याच दिवशी त्यांनी वयाची ७२ वर्षे पूर्ण केली होती. डोळे जवळजवळ गेलेले, त्यामुळे कागद वाचणे शक्य नाही, सगळे मनातून आणि लॅटिनमध्ये बोलत होते. विषय मिस्साच्या विधीत बदल करण्याचा. तुम्ही लोकांचा बुद्धिभेद करायला निघालात काय, अशा स्वरूपाचे ते बोलणे. प्रत्येकाला दहा मिनिटे ठरलेली. ती उलटून गेली, तरी त्यांचे चालूच. अध्यक्षस्थानी नेदरलँड्सचे कार्डिनल आल्फ्रिंक. त्यांनी वेळेची आठवण दिली आणि मायक्रोफोन बंद झाला. आंधळा म्हातारा बोलत राहिला, मग कळले की आवाज जात नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. त्यानंतर बरेच दिवस ते सभेकडे फिरकले नाहीत.

त्या टाळ्या मला आवडत नाहीत. नियम नियमाच्या जागी, पण म्हाताऱ्याचा आवाज गेल्यावर टाळ्या वाजवणारे बिशप मला फार सुधारक वाटत नाहीत. इथे मी सरांच्या बाजूने आहे.

आणि विधीबद्दलही ते सर्वस्वी चुकले असे मी म्हणणार नाही. सहाव्या पॉल पोपनी नवा मिस्सा १९६९ च्या नोव्हेंबर अखेरपासून लागू केला. त्याआधी सप्टेंबरमध्ये ओत्ताव्हियानी आणि बाच्ची या दोन कार्डिनलनी पोपना पत्र पाठवले, सोबत एक टिपण जोडले. टिपण बहुतांशी लिहिले होते गेरार दे लोरिये या फ्रेंच डोमिनिकन पंडिताने. मुद्दा असा की मिस्सा हा यज्ञ आहे, ख्रिस्ताच्या बलिदानाचा, आणि नव्या विधीत तो नुसती मंडळींची पंगत होऊन बसतो. नव्या विधीच्या प्रस्तावनेत सातव्या कलमात मिस्साची जी व्याख्या दिली होती तिच्यावर त्यांनी नेमके बोट ठेवले. गंमत म्हणजे १९७० साली ते कलम दुरुस्त करून छापावे लागले. म्हणजे म्हाताऱ्याचे काहीतरी बरोबर होते. यज्ञ आणि पंगत यांतला फरक आपल्या भटजीबुवांना समजावून सांगावा लागणार नाही.

तर इथवर सर बरोबर. पण सरांनी जो लेख वाचला असावा, तो इथेच थांबला असणार. ओत्ताव्हियानींचे लॅटिन तेवढे त्यात आले, राज्य आले नाही.

२ मार्च १९५३ रोजी, कार्डिनल होऊन दोन महिने झाले नाहीत तोच, रोमच्या लातेरान विद्यापीठात त्यांनी एक व्याख्यान दिले. विषय: कॅथलिक राज्याचे धर्माविषयी कर्तव्य. त्यांच्यापुढे नमुना होता जनरल फ्रांकोच्या स्पेनचा. स्पेनच्या १९४५ च्या सनदेत लिहिलेले होते की कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म. दुसऱ्या धर्माच्या माणसाला त्याच्या श्रद्धेबद्दल त्रास दिला जाणार नाही, घरात, खाजगीत त्याने आपली उपासना करावी. पण चारचौघांत, उघड्यावर विधी आणि उत्सव फक्त कॅथलिकांचेच. स्पेनमधल्या प्रोटेस्टंटांच्या प्रार्थनाघरांवर बाहेर पाटीसुद्धा लावता येत नसे. ओत्ताव्हियानींनी या व्यवस्थेचा कैवार घेतला. कॅथलिक राज्याने हेच करायला हवे, असे सांगितले.

मग त्यांनी स्वतःच एक आक्षेप उभा केला. लोक म्हणतात, जिथे तुम्ही अल्पसंख्य आहात तिथे तुम्ही स्वातंत्र्य मागता, आणि जिथे बहुसंख्य आहात तिथे इतरांना ते देत नाही. ही दोन वजने झाली. दुसरा कोणी असता तर त्याने सारवासारव केली असती. ओत्ताव्हियानी तसे नव्हते. त्यांचे उत्तर असे की होय, वजने दोनच असली पाहिजेत. एक सत्यासाठी, एक असत्यासाठी. सत्याला हक्क आहे. असत्याला नाही, ते फार तर सोसून घ्यायचे, तेही त्याने मोठा अनर्थ टळत असेल तर.

या सरळपणाबद्दल मला त्यांचा आदर वाटतो, हे सांगतो. आजकाल हीच गोष्ट करणारे पुष्कळ आहेत, पण ती अशी स्वच्छ शब्दांत मांडणारा विरळा. मांडली की तिचे वजन कळते.

आता सर, ही सनद मराठीत ठेवून पाहू. श्रद्धेबद्दल त्रास नाही. खाजगीत काय हवे ते करा. उघड्यावर मात्र नको. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कितव्या तरी आजोबांनी हे ऐकलेले आहे. १५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक परिषद भरली आणि हिंदूंच्या उघड धर्मविधींवर बंदी घालण्याचे ठराव तिने केले. पुढे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदू पद्धतीने लग्न लावण्यावरच बंदी आली. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली इन्क्विझिशनवरचा आपला इंग्रजी ग्रंथ छापला, त्यात हे सगळे हुकूम एकापाठोपाठ एक वाचायला मिळतात. देवळे मोडली ती तर सर्वांनाच ठाऊक आहे. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. माझ्या घराण्याची देवी ही शेवटची. दरवर्षी माघात जत्रेला जातो तेव्हा मी जिथे उभा असतो, ती जागा तिची मूळची नव्हे. कोणाच्या तरी वजन-मापामुळे तिला रात्री नदी ओलांडावी लागली.

सर म्हणतील, तो सोळाव्या शतकाचा अत्याचार, आणि हा विसाव्या शतकातला पंडित. ओत्ताव्हियानींनी कोणाचे देऊळ मोडा असे कधी सांगितले? नाही सांगितले. ते सज्जन होते, अनाथ मुलांसाठी आयुष्यभर झटले. पण देऊळ मोडण्याआधी एक वाक्य लागते, आणि ते वाक्य असे की असत्याला हक्क नसतो. मोडायचे की सोसायचे, हा नंतरचा प्रश्न. तो सोयीचा प्रश्न आहे. एकदा हक्क नाही म्हटले की आज सोसणारा उद्या सोसेनासा झाला तर तुम्ही कुठे दाद मागणार? सोसणे हे सोसणाऱ्याच्या मर्जीवर असते.

आमच्या गोव्यात ही मर्जी आम्ही वर-खाली होताना पाहिली आहे. १७६३ नंतर फोंडा आणि बाकीचे नवे महाल पोर्तुगीजांकडे आले तेव्हा तिथल्या देवळांना हात लावला नाही. का? त्यांचे मन पालटले म्हणून नव्हे. राजकारणाला ते परवडत नव्हते. अगदी ओत्ताव्हियानींचे शास्त्र: मोठा अनर्थ टाळण्यासाठी सोसा. १९१० साली लिस्बनला राजा गेला, प्रजासत्ताक आले, राज्य आणि चर्च वेगळे झाले, आणि गोव्यातला हिंदू पहिल्यांदाच सोसला जाणारा न राहता बरोबरीचा नागरिक झाला. त्याच काळात इथे मराठी शाळा, वाचनालये, नियतकालिके कशी भराभर उगवली ते आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या वाचनालयाच्या स्थापनेचे वर्ष पाहिले तरी कळेल. पोर्तुगालच्या त्या विभक्तीच्या कायद्याचा १९११ च्या मे महिन्यात दहाव्या पायस पोपनी परिपत्रक काढून धिक्कार केला. त्यात मालमत्ता जप्तीसारख्या जाचक गोष्टी होत्या हे खरे, पण राज्याने धर्म सोडणे हेच त्यांच्या दृष्टीने मुळात पाप होते. ओत्ताव्हियानी याच शिकवणीचे वारसदार. ज्या कायद्यामुळे आपण माणसांत आलो, तो त्यांच्या तराजूत असत्याच्या पारड्यात पडतो.

याची दुसरी बाजू ख्रिस्ती वाचकाने पाहावी. माझे काही वाचक ख्रिस्ती आहेत, आणि त्यांतले दोघे-तिघे मला नेहमी पत्रे लिहून माझ्या चुका दाखवतात. भारताच्या संविधानाचे २५ वे कलम धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. इथल्या चर्चने त्या कलमाचा आधार घ्यायचा, आणि त्याच चर्चच्या रोममधल्या मुख्य पंडिताने व्यासपीठावरून सांगायचे की आम्ही बहुसंख्य असू तिथे इतरांना हा हक्क नाही. असे किती दिवस चालणार होते? कार्डिनल ग्रासियस मुंबईत ज्या देशात राहत होते, त्या देशात ते आपल्याबरोबरच्या त्या दुसऱ्या नव्या कार्डिनलचे व्याख्यान उघडपणे वाचून दाखवू शकले असते काय? मला वाटते, आशिया-आफ्रिकेतल्या बिशपांना दोन वजनांची अडचण रोमपेक्षा आधी कळली. ती त्यांच्या रोजच्या जगण्यातली अडचण होती.

अमेरिकेतला एक जेझुइट, जॉन कोर्टनी मरे, ओत्ताव्हियानींच्या या मताविरुद्ध लिहीत होता. १९५५ च्या सुमारास त्याला या विषयावर लिहिणे थांबवायला लावले. पुस्तके गेली, लेखन गेले. तो मुकाट राहिला. परिषद सुरू झाली तेव्हाही पहिल्या बैठकीला त्याला बोलावणे नव्हते. १९६२ च्या जूनमध्ये, परिषद भरण्याआधीच, तयारीच्या समितीत दोन मसुदे समोरासमोर आले होते. एक ओत्ताव्हियानींचा, त्याचा शब्द 'सोसणे'. दुसरा जर्मन कार्डिनल बेआ यांचा, त्याचा शब्द 'स्वातंत्र्य'. दोघांत चांगलीच जुंपली. फ्रान्सचे आर्चबिशप मार्सेल लफेव्र ओत्ताव्हियानींच्या बाजूने उभे राहिले.

मग तीन वर्षे घासाघीस झाली. मरे १९६३ पासून तज्ज्ञ म्हणून परिषदेत आला. ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा २३०८ विरुद्ध ७० मतांनी संमत झाला. त्यातला गाभा असा की हक्क मताला नसतो, माणसाला असतो. आणि जो सत्य शोधण्याचे कर्तव्य पाळत नाही, त्याच्याकडूनही तो काढून घेता येत नाही. ओत्ताव्हियानी विचारत होते, असत्याला हक्क आहे काय? परिषदेने तो प्रश्नच बदलला. असत्य नदी ओलांडत नाही. रात्री डोक्यावर देव घेऊन नदी ओलांडते ते माणूस.

याचा परिणाम कागदावर राहिला नाही. १९६७ साली, फ्रांको हयात असतानाच, स्पेनला आपली सनद बदलून धर्मस्वातंत्र्याचा कायदा करावा लागला. रोमनेच वजन बदलल्यावर माद्रिद काय करणार?

आता लॅटिन आणि राज्य हे दोन वेगळे विषय आहेत, ते तू उगाच एकत्र बांधतोस, असे सर म्हणतील. मी नाही बांधले, त्यांनीच बांधले. लफेव्र यांनी पुढे १९७० साली आपला संघ काढला, १९८८ साली पोपना न जुमानता चार बिशप केले, बहिष्कृत झाले. जगाला वाटते भांडण लॅटिन मिस्साचे. पण त्यांचे लेखन पाहिले तर धर्मस्वातंत्र्यावरचा राग लॅटिनच्या प्रेमापेक्षा तसूभर कमी नाही. ते तर्काला धरूनच आहे. सत्य बदलत नाही, म्हणून त्याचा विधी बदलू नये. सत्य एकच, म्हणून राज्यही त्याचेच असावे. एका खांबावरची ती दोन तुळया आहेत. सरांना एक हवी आणि दुसरी नको, तर त्यांनी घर दुसरीकडे बांधावे.

की सरांना दुसरीही हवी आहे? हे विचारताना मला संकोच वाटतो, पण विचारतो. "असा माणूस आपल्यात पाहिजे होता" हे शब्द मला घरी आल्यावरही टोचत राहिले. आपल्यात म्हणजे कशासाठी? संस्कृत राखायला असेल तर मी वर्गणी द्यायला तयार आहे. पण अलीकडे आमच्या बैठकांतून आणखी एक सूर ऐकू येतो. हा देश आमचा, धर्म आमचा, बाकीच्यांनी राहावे, आम्ही काही त्रास देणार नाही, घरात काय करायचे ते करा, रस्त्यावर नको. अगदी सहज, पान लावता लावता लोक हे बोलतात. आपण मोठे उदार बोललो असेही त्यांना वाटते. त्यांना कल्पना नाही की हे स्पेनच्या १९४५ च्या सनदेचे मराठी भाषांतर आहे. आणि ते भाषांतर करतो आहे कोण, तर ज्याची देवी केळशीहून कवळ्याला आली तो! इतर कुणी हे बोलले तर मी समजू शकतो, त्यांनी दुसऱ्या वजनाखालची बाजू पाहिलेली नाही. गोमंतकीयाने मात्र हे बोलावे याची मला लाज वाटते.

सरांनी कदाचित हेही ऐकले नसेल की ओत्ताव्हियानींना टाळ्या दोनदा मिळाल्या. दुसऱ्यांदा ७ ऑक्टोबर १९६५ रोजी. विषय युद्धाचा. अणुबॉम्बच्या काळात युद्ध पूर्णपणे निषिद्ध केले पाहिजे, सगळ्या राष्ट्रांचे मिळून एकच प्रजासत्ताक व्हावे, असे ते बोलले. हेच मत त्यांनी आपल्या कायद्याच्या ग्रंथात १९४७ सालीच लिहून ठेवले होते. परिषदेत सर्वांत जास्त वेळ ज्या टाळ्या वाजल्या त्यांत या टाळ्या मोजतात. तीन वर्षांपूर्वी मायक्रोफोन बंद झाल्यावर वाजवणाऱ्यांनीच त्या वाजवल्या असतील. युद्धात दोन्ही बाजूंना सत्य आपलेच वाटते, म्हणून तिथे त्यांना एकच वजन पुरले. धर्माच्या बाबतीत तसे व्हायला त्यांना काय आडवे आले, हे मला त्यांच्या लेखनातून उमगलेले नाही.

काळाने त्यांची आणखी एक थट्टा केली. त्यांच्या खात्याचे नाव १९६५ च्या डिसेंबरमध्ये बदलले. निषिद्ध ग्रंथांची यादी, जिच्यावर ते पहारा देत होते, ती आता कायदा म्हणून उरली नाही, हे जाहीर करणाऱ्या १९६६ च्या सूचनेवर सही होती त्यांचीच. १९६३ साली परिषदेत कार्डिनल फ्रिंग्स यांनी होली ऑफिसच्या कारभारावर जाहीर टीका केली, आरोपीची बाजू न ऐकता शिक्षा देण्याच्या पद्धतीवर. फ्रिंग्सना सल्ला देणारा तरुण जर्मन पंडित होता योझेफ रात्सिंगर. तोच पुढे १९८१ साली त्या खात्याचा प्रमुख झाला, २००५ साली पोप झाला, आणि २००७ साली जुना लॅटिन मिस्सा पुन्हा मोकळा करणाराही तोच. पण धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याने मागे घेतला नाही. २०२१ साली फ्रान्सिस पोपनी तो जुना मिस्सा पुन्हा आवळला. लॅटिनचे असे खाली-वर चालू आहे. जाहीरनामा जागेवर आहे.

शेवटी आमच्या वाड्यावरची एक गोष्ट सांगतो. आमच्या शेजारी एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ राहायचे, इगर्जीत वायोलिन वाजवणारे. वाड्यावरच्या खुरसापाशी दरवर्षी मे महिन्यात लादाईन व्हायची. ते वायोलिन लावायचे आणि सगळी मंडळी लॅटिनमध्ये गायची. एकेका संताचे नाव, की मागून तेच तीन शब्द. आम्ही हिंदू पोरे कडेला उभी राहून ते तीन शब्द त्यांच्यापेक्षा मोठ्याने म्हणायचो, कारण संपल्यावर उकडलेले चणे मिळायचे. पुढे हळूहळू सगळे कोकणीत आले. म्हातारबाबांना ते रुचले नाही. "अर्थ कळता आतां," ते मला एकदा म्हणाले, "पूण सूर गेलो." लॅटिनवरून त्यांचे पाद्रीशी भांडण झाले, ते शेवटपर्यंत मिटले नाही.

तेही सनातनीच, सर. पण आमच्याकडे चवथीला आरती चाले तेव्हा हेच म्हातारबाबा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे, आणि आमचा झांजेचा ताल चुकला की दुसऱ्या दिवशी कुंपणावरून मला तो नीट वाजवून दाखवायचे.